हाडांची गोळी

माझ्या भाचीला सगळे काडी म्हणतात. ती तान्ही असताना आमच्या आबांनी तिला हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की शाळेतल्या बाईसुद्धा हजेरी संपली की काडीच म्हणतात. वय अकरा, पण दिसते आठची. तिच्या वर्गातल्या मुली माझ्या खांद्याला लागायला आल्या आणि ही अजून माझ्या कमरेशी घोटाळते. कुणी हटकलं की माझं उत्तर तयार असतं. हाडं कच्ची आहेत तिची, गोळी चालू आहे.

हे उत्तर खोटं होतं. काडीला जन्मापासून एचआयव्ही आहे. तो तिला आईकडून आला, आईला म्हणजे माझ्या ताईला नवऱ्याकडून, आणि नवऱ्याला कुठून आला हे विचारायच्या आत तो मरून मोकळा झाला. ताई तान्ही काडी घेऊन आबांच्या घरी परत आली. काडी नीट बोलायला लागली आणि ताई गेली. जाताना तिने माझ्याकडून एकच वचन घेतलं, आबांना कळता कामा नये. आबांना मी सांगितलं की ताईची फुप्फुसं गेली होती. काडीच्या औषधाला मी हाडांची गोळी म्हणायला लागले, आणि काडीलाही तेच सांगितलं, कारण मुलाच्या पोटात गोष्ट राहत नाही.

मी फटकळ बाई आहे. मी काम करते त्या लॉन्ड्रीत माझ्या तोंडी लागताना मुकादमही विचार करतो. बस कंडक्टर, शाळेची मुख्याध्यापिका, खालच्या मजल्यावरची भांडखोर शेजारीण, कुणाचीही मी कधी भीडभाड ठेवली नाही. आणि हीच मी घरात मात्र इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावून बसले होते. दवाखान्यातली समुपदेशक मुलगी दर भेटीला म्हणायची, "मावशी, आता काडीला सांगायला हवं. मोठी होतेय." मी म्हणायचे, बघू. ती पुन्हा म्हणायची. मी पुन्हा म्हणायचे, बघू.

आबा सुतार. दारं, चौकटी, कपाटं केली आयुष्यभर, आणि कारखाना बंद पडला तसे घरी बसले. रिकामा सुतार घरात असणं म्हणजे काय ते ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. मी कामावरून यायचे तर कधी ओट्याचं दार काढलेलं, कधी माझ्या पलंगाचा एक पाय गायब. मग नात अंगावर पडली, आणि "हाडं कच्ची" असं कानावर गेलं, आणि आबांना काम मिळालं. हाडं म्हणजे शेवटी शरीराची चौकटच की. ती आपल्याला कळते असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

मला पहाटेची पाळी असते. त्यामुळे सकाळची गोळी देण्याचं काम आबांचं. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी एकदा मला सांगितलं होतं की या मुलांना इतरांपेक्षा जास्त खावं लागतं, अंडं, दूध, दही, पालेभाजी, जमलं तर काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी, आणि ऊन. मी ते घरी येऊन आबांना सांगितलं आणि आबांनी ते शिरोधार्य मानलं. अंडं संपत नाही तोवर काडीसमोर उभे. दूध संपल्याशिवाय पेला खाली ठेवू देत नसत. शाळेतून आली की गच्चीवर उन्हात बसवायची, बाह्या वर करून, आधी या कुशीवर आणि मग त्या. शेजारीण म्हणायची, पापड वाळत घातलाय का आजोबा. आबा तिच्याकडे लक्षच देत नसत.

फक्त एक गोष्ट त्यांनी मानली नाही. आहाराच्या बाई म्हणाल्या होत्या की पळू दे, उड्या मारू दे, हाडं वापरल्याशिवाय घट्ट होत नाहीत. आबा म्हणाले, "त्या बाईने कधी कच्च्या लाकडावर भार टाकून पाहिलाय का?" आणि काडीची पळापळ बंद. ती बिचारी मैदानाच्या कडेला उभी राहून दुसऱ्या मुलींच्या चपला सांभाळायची.

आणि तरी मनगट मोडलंच. कुणी ढकललं नाही, काही नाही. शाळा सुटली, आबा अजून फाटकाशी यायचे होते, तेवढ्यात हिने जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवरून उडी मारली. एवढ्याशा उडीने दुसऱ्या मुलाचा गुडघाही खरचटला नसता. हिचं हाड कडकन मोडलं. प्लॅस्टर घालणारा डॉक्टर एक्स-रेचा फोटो बघून म्हणाला, "हाडं फारच विरळ दिसताहेत या वयाच्या मानाने. हिच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा."

नेहमीच्या डॉक्टर म्हणजे आमच्या एचआयव्हीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. तिथे मी आबांना कधीच नेत नसे. पण त्या दिवशी ते ऐकेनात. काडीचा हात गळ्यात बांधलेला, आबा हाडाचा फोटो छातीशी धरून माझ्या आधी बसमध्ये चढून बसलेले. काय करणार? दवाखान्याच्या दारावर पाटी नाही, एवढंच एक नशीब. मी पुढे पळत जाऊन डॉक्टरीणबाईंच्या कानात सांगितलं, वडिलांना माहीत नाही, मुलीलाही नाही, जपून बोला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. पण त्यांनी शब्द पाळला. किती नीट पाळला ते मला नंतर कळलं.

त्यांनी फोटो बघितला, हाडांची मोठी तपासणी करवून घेतली, आणि आम्हां तिघांना समोर बसवून सांगितलं, "हिच्या हाडांत कॅल्शियम कमी आहे. लहान असताना आजारपणात खाल्लेलं अंगी लागलं नाही, ते एक. आणि दुसरं म्हणजे ही रोजची गोळी. तिच्यातलं एक औषध काही मुलांची हाडं थोडी विरळ करतं."

आबा म्हणाले, "गोळीच विरळ करते?"

"थोडी. ते औषध बदलता येतं का मी बघते, पण त्याला वेळ लागेल. तोवर ही गोळी अजिबात चुकवायची नाही. आणि संध्याकाळी ही दुसरी द्या, कॅल्शियमची. चघळायची आहे, चवीला गोड आहे."

"पण पहिली तर हाडांचीच आहे ना?" आबांनी विचारलं. "हाडांची गोळी, आणि ती हाडंच खाते?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या वजनकाट्याकडे पाहिलं. काडी आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहत होती.

"आजोबा, ती तिच्या अंगातल्या ताकदीसाठी पण लागते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आबांनी मान हलवली. परतीच्या बसमध्ये ते हाडाचा फोटो खिडकीच्या काचेला लावून बघत होते. मला वाटलं, थकले असतील.

प्लॅस्टर निघालं. हात अगदी बारीक झाला होता, पण हाड जुळलं होतं. काडी त्या गोड गोळीवर तर खूषच होती, संध्याकाळ व्हायच्या आत मागायची. आणि हळूहळू मला तिच्यात बदल दिसायला लागला. सकाळी तिला कायम मळमळायचं, ती तक्रार थांबली. जेवायला लागली. वजन थोडं वाढलं. एकदम मोठी झाली असं नाही, पण गालांवर जरा रंग आला. लॉन्ड्रीतल्या बायका एकदा दारात भेटल्या तर म्हणाल्या, अगं तुझी काडी आता काठी होतेय. मला इतका आनंद झाला, की मी त्या दिवशी मुकादमाला एकदाही उलट बोलले नाही. त्याने विचारलं, बरं नाहीये का?

आमची लॉन्ड्री मोठी आहे, हॉटेलांच्या चादरी येतात, हॉस्पिटलांच्या येतात. मी तापलेल्या रोलरवर असते. धुतलेली ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, ताणून रोलरमध्ये सोडायची, पलीकडून ती कडक वाळून, इस्त्री होऊन येते. टोक सोडायला क्षणभर उशीर झाला की हात भाजतो. माझ्या दोन्ही हातांवर ते डाग आहेत. त्या दिवशी मुकादम स्वतः माझा फोन घेऊन आला. म्हणाला, "दवाखान्यातून तिसऱ्यांदा येतोय, बघ बाई."

समुपदेशक मुलगी होती. काडीच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. आधी दर वेळी विषाणू मोजण्याइतकाही सापडायचा नाही. आता लाखाच्या घरात होता.

"गोळ्या चुकताहेत का मावशी?"

"शक्यच नाही," मी म्हटलं. "डबी वेळेवर रिकामी होते. माझे वडील स्वतः देतात."

"मग ती तोंडात धरून नंतर थुंकत असेल. या वयाच्या मुली करतात असं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. उरलेली पाळी टाकून मी घरी गेले. काडी नुकतीच शाळेतून आली होती. मी तिला दंडाला धरलं आणि विचारलं, कुठे टाकतेस गोळ्या. ती म्हणाली, कसल्या गोळ्या. मी तिचं दप्तर उलटं केलं, गादी उचलली, उशीचा अभ्रा काढून झटकला. तोंडाचा पट्टा चालूच होता. हिच्यासाठी एवढं करायचं आणि ही कार्टी, असं काय काय. मनगट नुकतं जुळलेलं आहे हे आठवून मी दंड सोडला, नाहीतर एक ठेवून दिली असती.

"मी थुंकत नाही," काडी रडत म्हणाली. "आबा जे देतात ते मी खाते."

आबा गॅलरीत बसून तिच्यासाठी अभ्यासाचं स्टूल करत होते. पाय छान गुळगुळीत झाला का ते अंगठ्याने बघत होते. मान वर न करता म्हणाले, "तिला कशाला बोलतेस, धाकटे? मीच बंद केली."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही.

"ती सकाळची गोळी. मी बंद केली," ते म्हणाले. आवाजात अपराधाचा लवलेश नाही. उलट जरा अभिमानच. "डॉक्टरीणबाईच म्हणाल्या ना, हाडं खाते. तुला सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. आणि मी काही एकदम नाही थांबवली. सांधा आवळून धरणारा शिकंजा एकदम काढला तर सांधा उघडतो. आधी एक दिवसाआड दिली, मग दोन दिवसांआड, मग आठवड्यातून एखादी. जी द्यायची नाही ती मोरीत. बघ की आता पोरीकडे. मळमळ गेली, जेवते, हात जुळला. तिच्या अंगाला वाळवी लागली होती धाकटे, आणि आपणच ती रोज सकाळी पाण्याबरोबर पाजत होतो."

"मावशी, आबांना ओरडू नकोस ना," काडी म्हणाली. "मला खरंच आता बरं वाटतं."

मी खाली बसले. ओरडायचं तरी कुणावर? आबांनी त्यांच्या परीने नातीला वाचवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी माझा शब्द राखला होता. आणि मी ताईचा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "पूर्ण बंद केली असती तर एक वेळ बरं. कधी दिली कधी नाही, याने विषाणूला त्या औषधाची सवय होते. मग तेच औषध त्याला काही करू शकत नाही. तसं झालंय का ते बघायला रक्त बाहेरगावी पाठवावं लागतं. उत्तर यायला वेळ लागतो."

"तोवर?"

"तोवर हीच गोळी, रोज. लागू पडत असेल तर विषाणू खाली येईल."

"आणि लागू पडत नसेल तर?"

"दुसरी औषधं आहेत. पण लहान वयात देता येतील अशी थोडीच, आणि तीही सहज मिळत नाहीत. शिवाय त्यातली काही हिच्या हाडांना चालतील की नाही बघावं लागेल." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दिसायला ती ठीक दिसतेय. पण आतून तिची ताकद निम्म्यावर आली आहे. साध्या खोकल्याकडेही दुर्लक्ष करू नका."

समुपदेशक मुलगी दाराबाहेर उभी होती. म्हणाली, "आता दोघांनाही सांगायला हवं मावशी." मी तिच्यावर खेकसले, "तू ये घरी आणि तूच सांग." ती म्हणाली, "येते. कधी येऊ?" त्या पोरीचा चेहरा इतका खरा होता, की मलाच नको झालं. परक्या माणसाने आमच्या घरात बसून हे सांगावं असं मला वाटेना. मी म्हटलं, मी बघते.

काडी शाळेत गेली आणि मी आबांना गच्चीवर नेलं. घरातल्या भिंती पातळ आहेत. वर शेजारणीचे कपडे वाळत होते, आबा सवयीने उन्हाची बाजू बघून बसले. मी उभ्यानेच सांगितलं. गोळी हाडांची नव्हती. कधीच नव्हती. आजाराचं नाव घेतलं. तो ताईला होता आणि काडीला आहे असं सांगितलं. गोळी म्हणजे त्या आजारावरचं झाकण, आणि ते झाकण आता सरकलंय असं सांगितलं. सगळं एका दमात, रोलरमध्ये चादर सोडावी तसं, कारण थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

आबा हाताने गुडघा चोळत राहिले.

"थोरली त्यानेच गेली?"

"हो."

"फुप्फुसं नव्हती?"

"फुप्फुसं पण त्यानेच गेली."

"तुला माहीत होतं."

"हो."

"मला का नाही?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. माझं उत्तर तयार होतं, धार लावून ठेवलेलं. मी म्हटलं, "तुमच्या कारखान्यात एक पॉलिशवाला होता. त्याला हाच आजार निघाला. तुम्ही मालकाला सांगून त्याला कामावरून काढायला लावलंत, त्याचे ब्रश जाळलेत. आणि घरी येऊन जेवताना आम्हां दोघींसमोर म्हणालात, असल्या माणसाला घरात ठेवणारेसुद्धा तितकेच घाण. ताई तेव्हा लग्नाची होती. पुढे तिला स्वतःचं कळलं तेव्हा तिला पहिल्यांदा तेच आठवलं. म्हणून नाही सांगितलं."

आबा माझ्याकडे बघत राहिले.

"पॉलिशवाला?" ते म्हणाले. "कोण? तो तिरळा? त्याला तर फेफरं यायचं ना?"

"आबा."

"मी असं म्हणालो?"

ते नाटक करताहेत का हे मी निरखून बघितलं. आबांना नाटक येत नाही असं मी परवापर्यंत समजत होते, आणि महिनोन् महिने त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत रिकाम्या डब्या करून दाखवल्या होत्या. पण हे नाटक नव्हतं. ते मनापासून आठवायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना आठवत नव्हतं. बोलले असतील, त्या वेळी सगळेच तसं बोलायचे. हात धुऊन उठले असतील आणि विसरले असतील. त्या एका वाक्याला घाबरून आम्ही दोघी बहिणींनी जन्मभर घर चालवलं होतं, ताई त्याला भीत भीत मेली होती, आणि ज्याने ते म्हटलं त्याच्या ते गावीही नव्हतं. मला फार राग आला. तो कुठे ठेवावा तेही कळेना. समोर एक म्हातारा उन्हात बसून आपलंच बोलणं आठवत होता.

"मी पोरीचं वाटोळं केलं का ग?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही अजून."

"आता मी काय करू?"

"उद्यापासून रोज द्यायची. न चुकता."

"मी?"

"मग कोण? मी पहाटे जाते."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेले नाही. मुकादमाला फोन करून उशिरा येते म्हटलं. काडी उठली, तोंड धुऊन टेबलाशी बसली. आबांनी तिच्यासमोर अंडं ठेवलं, दूध ठेवलं, आणि तळहातावर गोळी धरली. गेले कित्येक दिवस ही गोळी तिने पाहिली नव्हती.

"ही नको," ती म्हणाली. "ही हाडं खाते."

"घे राजा," आबा म्हणाले. "माझं चुकलं होतं."

"तुमचं कसं चुकेल? डॉक्टरीणबाई पण तेच म्हणाल्या. मी तिथेच होते." तिने आपलं मनगट टेबलावर पुढे केलं, आम्हाला दिसेल असं. "मला परत हात मोडून घ्यायचा नाही."

"थोडी हाडं खाते ती. पण घ्यावी लागते."

"का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. काल ऐकलेलं त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं, हे मला कळलं. मी खुर्ची ओढून काडीजवळ बसले. समुपदेशक मुलीने सांगितलं होतं की सोपं बोला आणि आजाराचं नाव घ्या, नाव लपवू नका. मी सोपं बोलले. म्हटलं, तुझ्या रक्तात जन्मापासून एक आजार आहे. गोळी रोज घेतली की तो निजून राहतो, चुकली की जागा होतो. तुझ्या शाळेच्या भिंतीवर त्याचं पोस्टर आहे, तोच. मग मी नाव घेतलं.

काडी रडली नाही. तिने ते पोस्टर बहुधा आठवून बघितलं.

"म्हणजे हाडांचं काही नव्हतंच?"

"आधी नव्हतं. आता हाडांचंही आहे."

"दोन्ही?"

"दोन्ही."

तिने अंड्याचा पिवळा भाग बोटाने बाजूला सारला. मला वाटलं आता विचारेल, कसा झाला, कुणाकडून, मी मरणार का. मी त्या सगळ्यांची तयारी करून बसले होते.

"आईला पण हाच होता?"

"हो."

"मग तिला गोळी नव्हती?"

"होती. हीच."

"तरी मेली?"

आबा भिंतीला टेकून उभे होते. गच्चीवर मी त्यांना सगळं सांगितलं होतं, एवढं सोडून. जाणूनबुजूनच सोडलं होतं. आत्ताही थाप मारता आली असती. ताईला उशिरा कळलं, तिची गोळी वेगळी होती, काहीही. थापा मारण्यात मी आता तरबेज होते. पण समोर ही पोर होती, आणि गोळी अजून आबांच्या हातावरच होती. आईने नीट घेतली तरी मेली असं तिच्या मनात बसलं असतं, तर तिने ती पुन्हा कधी तोंडात घातली असती का?

"तिला रोज घेता यायची नाही," मी म्हटलं. "आडोसा मिळेल तेव्हाच घ्यायची. घरात कुणी बघेल म्हणून."

"कोण बघेल?"

मी दुधाचा पेला तिच्याकडे सरकवला. मी तेव्हाही दिवसभर कामावर असायचे. आमच्या घरात माणसंच किती होती? काडीला हिशेब करायला वेळ लागला नाही. पण शहाणी पोर, तिने आबांकडे मान वळवली नाही. ती उठली, त्यांच्या तळहातावरची गोळी उचलली आणि दुधाच्या घोटाबरोबर गिळून टाकली. तोंड वाकडं केलं.

"अजून चालेल ना ही मला?" तिने मला विचारलं.

"रिपोर्ट आल्यावर कळेल."

"कधी येणार?"

"माहीत नाही."

तिने दूध संपवलं, दप्तर घेतलं, चपला घातल्या. रोज आबा तिला शाळेपर्यंत सोडायचे. त्या दिवशी ते जागचे हलले नाहीत, तेव्हा मीच निघाले. दारात पोचले तर मागून आबांचा आवाज आला. मला वाटलं, काडीला हाक मारताहेत. पण ते माझ्याशीही बोलत नव्हते.

"मला म्हणायचं होतंस ना थोरले," ते म्हणत होते, "घडीभर बाहेर जाऊन या म्हणून. मी गेलो असतो. मी काय, रोज गेलो असतो."